आईचं नाव कुणाला दिलंस

लून हार्बर
२५ जून २०१८

टिली,

सेंट युलालियाच्या धोबीघरात शनिवारी आपण दोघी चादरींच्या घड्या घालायचो. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. तू इतकी बुटकी होतीस की तुझ्याकडची बाजू फरशीला लागायची, म्हणून मी तुला साबणाच्या खोक्यावर उभं करायची. चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकं जुळली की तू मला चिमटा काढायचीस. मी ओरडायची आणि शिक्षा मला व्हायची. बॉयलरची घरघर एवढी असायची की आपण आपल्या भाषेत बोललो तरी कुणाला ऐकू जात नसे. त्या अख्ख्या शाळेत तेवढी एकच जागा होती. तिथे आपण आईबद्दल बोलायचो.

मी त्या खोक्यावरच्या पोरीला लिहिते आहे. आता जी तू झाली आहेस, तिच्याशी बोलायची मला इच्छा नाही.

व्हँकुव्हरच्या सलोख्याच्या मेळाव्यात तू काय केलंस ते मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस, गावात फोन आहेत. असल्या शाळांत गेलेल्या मुलांच्या आठवणीला सगळे नारिंगी सदरे घालून आले होते म्हणे. शाळकरी मुलांनी कोरीव खांब रंगवला, ढोल वाजले, महापौर रडले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. शहरातल्या लोकांना वर्षातून एकदा रडायचं असेल तर रडू देत. पण मग तू आईची शिंपल्यांच्या गुंड्या लावलेली घोंगडी सिस्टर ब्लँडीनच्या खांद्यांवर घातलीस, आईचं नाव चार वेळा पुकारलंस आणि तिला देऊन टाकलंस.

सिस्टर ब्लँडीनला! शाळेच्या पहिल्याच दिवशी आपले केस कापून जिने आपली घरची नावं काढून घेतली आणि मला फिलोमेना, तुला क्लोटिल्डा केलं, तिला आईचं नाव!

ते नाव माझ्या नातीचं, रेलीनचं होतं, आणि तुला ते माहीत होतं. माझी लेक वारली तेव्हा सरकारी बायका येऊन तिच्या मुलीला घेऊन गेल्या आणि परक्यांच्या घरी वाढवलं. आता ती मोठी झाली, स्वतः पत्ता शोधून तिने मला फोन केला, आणि येत्या नोव्हेंबरात आपण नावं देऊन भेटी वाटू, त्या वाटपाला ती जन्मात पहिल्यांदा आपल्या गावी येते आहे. चार गावांना आमंत्रणं गेली आहेत. वाटपाच्या मोठ्या घरात ती बसणार कुठे? ज्याला नाव नाही त्याला आपल्या रांगेत जागा नाही, हे तुला मी शिकवायचं? आई गेल्यापासून आपल्या घराण्यात मोकळं असं ते एकच नाव उरलं होतं. त्या पोरीला मी फोनवर सांगून बसले आहे, की तुझं नाव तुझी वाट बघतंय.

जसं दिलंस तसं परत घे. कसं घ्यायचं ते तुझं तू बघ.

फिलोमेना


लून हार्बर
८ जुलै

टिली,

परवा मी फोन आपटला, त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण तू जे बोललीस त्याला उत्तर देणं भाग आहे, नाहीतर तुला वाटेल मी निरुत्तर झाले.

तू म्हणालीस, "ताई, तुला कुणी फोन करून सांगितलं नाही. तू तिथे होतीस."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"तुझा तो जांभळा कोट म्हणतो. असा कोट अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणी घातला तर लोक आरमार बोलावतील."

ठीक आहे, होते मी. डोळे दाखवायला शहरात आले होते, आलेच आहे तर बहिणीचं काम बघावं म्हणून मैदानाकडे वळले. मागच्या बाजूला, तंबूच्या खांबापाशी उभी होते. तू रंगवलेला तो लांबलचक पडदा पाहिला. नदीच्या मुखापाशी रावस वर चढताहेत आणि पाण्याखालून आजीचा चेहरा दिसतोय. सुंदर होता. ती काळी रेघ जाड होत होत पुन्हा बारीक होते, तशी रेघ आपल्याकडे आता कुणाला काढता येत नाही. मी शेजारच्या गोऱ्या बाईला सांगितलंसुद्धा, की ही माझी बहीण. आणि दहा मिनिटांत तू मला ते बघायला लावलंस.

मग तू विचारलंस, "तिथेच का नाही पुढे आलीस? मोठी बहीण आहेस. एक शब्द बोलली असतीस तर मी थांबले असते."

ह्याचं उत्तर मी देणार नाही.

त्याऐवजी मी काय केलं ते सांगते. आपल्या ऑगस्ट मामाकडे गेले. मामा आता शहाऐंशीचा आहे, पण कुठलं नाव कुणाकडून कुणाकडे गेलं ते त्याला पाच पिढ्या मागपर्यंत पाठ आहे. जाळं विणता विणता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"साक्षीदार होते?" त्याने विचारलं.

"होते. सगळे शहरातले."

"त्यांना भेटी दिल्या?"

"दिल्या. टिली तेवढं विसरत नाही."

"आपल्यातलं कुणी होतं का? आपल्या घराण्यातलं? भेट घेतलेलं?"

"नाही," मी म्हटलं.

मामाने दाताने सुतळी तोडली. "मग काही झालंच नाही म्हणायचं. शहरातल्यांना टोपी दिली काय आणि नाव दिलं काय, सारखंच. पोरीला येऊ दे. नाव तिचंच."

तेव्हा आता तू तुझा पडदा गुंडाळ आणि तुझ्या सिस्टरला सांग, की झालं ते एक नाटक होतं, फोटोपुरतं. तुला जमणार नसेल तर मी सांगते. मला इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं येतं, आणि ते तिनेच शिकवलंय.

फिलोमेना


लून हार्बर
३० जुलै

टिली,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. सिस्टर ब्लँडीन माझी वही वर्गाला दाखवायची आणि तुझी फाडायची, आठवतं ना?

तू लिहिलंस त्यातलं एक वाक्य मी दिवसभर घेऊन फिरले. "तुझ्या वेण्या घालायची ती, ताई. माझ्या तोंडात साबण कोंबायची. मार मी खाल्ला, माफ मी केलं. तुझ्याकडे माफ करायला आहे काय?"

बरोबर आहे. मला तिने कधी मारलं नाही. मी भाषा लवकर शिकले, भांडले नाही, चर्चमधल्या वेदीवर फुलं नीट लावली. गोवर आला तेव्हा ती माझ्या उशाशी बसून होती. तिच्या बोटांना स्टार्चचा वास यायचा. भरतकामाचा प्रत्येक टाका मला तिने शिकवला, आणि आज आपल्या घोंगड्यांवर मी जी नक्षी काढते ती त्याच टाक्यांनी काढते. संध्याकाळच्या प्रार्थनेची गाणी अजून माझ्या ओठांवर येतात, मासे साफ करताना. तू हसतेस त्याला. हस. मला ती बाई आवडायची. लहान पोरीला कुणीतरी आवडावंच लागतं, आणि आई तर बोटीने दीड दिवस लांब होती.

पण मला आवडायची म्हणून मी तिला आईचं नाव द्यायला निघाले नव्हते. तुझ्या तोंडात साबण कोंबला, त्याची माफी तू दे. तुझं तोंड, तुझी माफी. आईने काय तिला माफ केलं होतं? दर सप्टेंबरात धक्क्यावर उभी राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायची, तिला विचारलंस तू? आईच्या वतीने माफ करायचा अधिकार तुला कुणी दिला? आणि तोही माइक लावून, गोऱ्या लोकांपुढे, कॅमेऱ्यांपुढे! तुझा मोठेपणा झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. माझ्या नातीची जागा गेली.

गेली, असं मी लिहिलं. आता ते लिहावं लागतंय, कारण काल मामा चहाला आला होता.

त्याने हात धुतले आणि चुलीच्या दांडीवरचा टॉवेल ओढून पुसायला लागला. पुसता पुसता थांबला. उलगडून बघितला. त्यावर तुझा रावस छापलेला आहे, कोपऱ्यात तुझी सही.

"हा कुठला गं?"

"टिलीचा आहे."

"ते दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून. तुझ्याकडे कसा आला?"

"मिळाला असाच."

"असाच? रस्त्यावर पडला होता?"

मामाने टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला, जपून, जणू त्यात काही गुंडाळलेलं होतं.

"नाव दिल्यावर वाटले ना हे?"

"हो."

"आणि तू हात पुढे केलास."

"केला, मामा."

"मग संपलं की बाई सगळं. तू घेतलास म्हणजे घराण्याने घेतला. पाहिलं, मान्य केलं, भेट घेतली. आता मी कुठल्या तोंडाने चार गावांपुढे सांगू की झालंच नाही?" चहा न पिताच उठला. दारातून म्हणाला, "एवढी शिकलेली तू. नन लोकांनी हे नाही वाटतं शिकवलं?"

आता मी तिथे पुढे का आले नाही, त्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण लपवायला काही उरलं नाही. टॉवेलांची टोपली घेतलेली मुलगी रांगेने येत होती. माझ्यापुढे आली, आणि मी वर पाहिलं तर तू मंचावरून माझ्याकडेच बघत होतीस. मी हात मागे घेतला असता तर त्या ढोल वाजवणाऱ्यांना त्याचा अर्थ कळला असता, आणि अर्ध्या तासात शहरातल्यांनाही कुणीतरी समजावून सांगितला असता. त्या सगळ्या लोकांपुढे, तुझ्या त्या पडद्यापुढे, तुझ्या सख्ख्या बहिणीने तुझी भेट नाकारली! माझ्याने ते झालं नाही. हात गेला पुढे.

तेव्हा तू मला पाहिलं होतंस. मामाला एक फोन केला असतास तर मी जुलैतच हरले असते. केला नाहीस. मला फोनवर टोमणा मारला कोटाचा, पण टॉवेलाचा शब्द काढला नाहीस. का काढला नाहीस ते लिहू नकोस. कळलं तर मला तुझ्यावर रागवणं जड जाईल, आणि सध्या मला तेवढाच आधार आहे.

फिलोमेना


लून हार्बर
३ सप्टेंबर

टिली,

शेवटचा एक मार्ग होता. ज्याच्याकडे नाव आहे त्याने आपणहून परत केलं, तर कुणाचीच मान खाली जात नाही. म्हणून मी सिस्टर ब्लँडीनकडे गेले होते, तुला न सांगता. म्हाताऱ्या नन राहतात त्या घरी, शहराबाहेर. जाताना रावसाच्या दोन बरण्या नेल्या. चांगला कोट घातला, हो, तोच.

ती खिडकीशी खुर्चीत होती. एवढीशी झाली आहे. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले.

"क्लोटिल्डा! आलीस?"

"मी फिलोमेना, सिस्टर."

"कोण?"

"फिलोमेना. क्लोटिल्डाची मोठी बहीण. भरतकामाच्या वर्गात पुढे बसायची."

तिने माझ्या कोटाची बाही चाचपून पाहिली. मग सवयीच्या गोड आवाजात म्हणाली, "खूप मुली होत्या, बाळ." मला! अडुसष्ट वर्षांच्या बाईला बाळ म्हणाली, आणि ओळखलं नाही. गोवराचं मी सांगितलं, फुलांचं सांगितलं, तिने मान हलवली. तिला ते काही आठवत नव्हतं. तुझं मात्र सगळं आठवतं. तू कुठल्या बाकावर बसायचीस, कुठला शब्द बोललीस म्हणून साबण आणला, तू थुंकलीस कशी, सगळं. म्हणाली, "तो शब्द मला अजून ऐकू येतो. 'पाणी' म्हणाली होती ती. पाणी मागत होती."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटत होतं, तू शिवी दिली होतीस. साठ वर्षं मी तेच धरून बसले होते, की टिलीला तोंड आवरत नव्हतं.

भिंतीवर मेळाव्याचा फोटो लावला आहे, घोंगडी पांघरलेला. ती म्हणाली, रोज सकाळी जपमाळेनंतर मी ते नाव म्हणते. आणि तिने म्हणून दाखवलं. मी तयारीत होते, की आता ही त्याची वाट लावणार. नाही. घशातला तो खोल आवाज, मधला थांबा, सगळं जागच्या जागी. आपल्या भाषेला आपल्या तोंडातून हाकलणारी बाई, आणि आईचं नाव आईसारखं म्हणत होती. तू शिकवलं असणार. किती वेळा बसली असशील तिच्यापाशी?

मी मागायलाच गेले होते. वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. मागितलं असतं तर तिने दिलं असतं, घाबरून दिलं असतं. पण मला त्या क्षणी तिच्याबद्दल इतका द्वेष वाटला, टिली, आणि तो ना आईसाठी होता, ना तुझ्यासाठी, ना रेलीनसाठी. तिने मला ओळखलं नाही म्हणून होता. तसल्या रागाने ओढून आणलेलं नाव मी पोरीच्या डोक्यावर कसं ठेवू? बरण्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले.

बसमध्ये एक पोरगा मला जागा द्यायला उठला. मी त्याच्यावर खेकसले.

तू जिंकलीस असं समजू नकोस. तुझ्यावरचा माझा राग आहे तिथेच आहे.

फिलोमेना


लून हार्बर
१४ ऑक्टोबर

टिली,

रेलीन येऊन गेली, दोन दिवसांसाठी. तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगावं लागतंय. चालते अगदी आपल्या आईसारखी, टाच आधी. उलिकन माशाचं तेल पहिल्यांदा तोंडात घातलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, "थुंक, लाजू नकोस." तर गिळलं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "छान आहे." इतकी खोटारडी म्हणजे आपल्याच घरातली.

धक्क्यावर कुणीतरी तिला विचारलं, "तू कुणाची?" आणि ती माझ्याकडे बघायला लागली. शहरातली धीट पोरगी, फटाफट बोलणारी, आणि त्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाच मी ठरवलं.

माझं घराण्याचं नाव मी तिला देणार आहे. मामाशी बोलून झालं आहे. तो म्हणाला, जिवंतपणी दिलेलं चालतं, पूर्वीही दिलं गेलंय. मग म्हणाला, "आणि तू कुठे बसणार?" मी म्हटलं, "दारापाशी जागा असते की." तो जाळं विणत राहिला, आणि एक गाठ चुकवली, मी बघत होते.

हे तुझ्यामुळे झालं. तुला ते हलकं वाटावं म्हणून मी एक अक्षरही लिहिणार नाही. आईच्या जागेवर आता ती बसेल जिने आपल्याला आईपासून तोडलं, आणि माझ्या जागेवर माझी नात बसेल, आणि मी भिंतीशी. कुठल्याही मेळाव्यात ह्याचा फोटो काढता येणार नाही.

एकदा नाव दिलं की त्या घरात मला बोलता येणार नाही. बिननावाच्या बाईचा आवाज तिथे कुणी ऐकत नाही. म्हणून आपल्या घराण्याच्या वतीने पुकारायचं काम तुझ्याकडे येतं, तुझ्याशिवाय बाई उरलेली नाही. मामाने सांगितलं म्हणून नव्हे, तुझा आवाज चांगला आहे म्हणून मीही हो म्हटलं. तू येणार आहेस. ही विनंती नाही. कुणाला काय द्यायचं ते खाली लिहिते आहे, त्यात बदल करू नकोस.

सगळ्यांत आधी सिस्टर ब्लँडीन. तिला तू घेऊन ये, स्वतः, गाडीत गरम पांघरूण घालून. आईचं नाव तिच्याकडे आहे, म्हणजे पहिला मान तिचा, आणि आपल्या घरात मानापानात चूक झाली असं कुणी म्हणता कामा नये. तिला मी भरलेली चादर द्यायची, निळी फुलं असलेली. कुणी भरली ते सांगायची गरज नाही. सोबत काटे काढलेला रावस दे, तिचे दात खोटे आहेत.

मग मामा. त्याला नवं होकायंत्र आणि दोन घोंगड्या. तो एक परत करायला बघेल, घेऊ नकोस.

पलीकडच्या तीन घराण्यांच्या प्रमुखांना तेलाचे डबे, मोठे. कुणाला लहान गेला असं वाटू नये म्हणून सगळे एकाच मापाचे आणले आहेत, तरी म्हातारा हेक्टर कुरकुर करेल. करू दे.

स्वयंपाकाच्या बायकांना कापड, आणि वाळवलेलं समुद्री शेवाळ. त्यांना उभ्या उभ्या देऊ नकोस, बसव आधी.

शहरातून तुझे जे लोक येतील त्यांना माशाच्या पेट्या. तू जूनमध्ये दिलंस त्याच्या दुप्पट पडायला हवं. का ते त्यांना कळणार नाही. आपल्या लोकांना कळेल, की जास्त देणारा वरचढ.

रेलीनला काही द्यायचं नाही. ती देणाऱ्यांच्या बाजूला उभी राहील. ती बावरली तर तू तिच्या कोपराखाली हात धर, पण दिसणार नाही असा.

तुला नदीच्या मुखावरचं मासे धुरावर सुकवायचं खोपट. खोलीसकट, मांडण्यांसकट, त्या किनाऱ्यावर मासे पकडायच्या माझ्या हक्कासकट. सगळ्यांपुढे पुकारून घ्यायचंस, स्वतःच्या तोंडाने. एवढ्याची परतफेड तुला ह्या जन्मात करता येणार नाही, ते मला माहीत आहे आणि मला तेच हवं आहे. ते घ्यायचं असेल तर दर उन्हाळ्यात इथे येऊन राहावं लागेल, आणि पोरीला मासा चिरायला शिकवावं लागेल. मला आता बारीक दिसत नाही.

शेवटी दाराजवळच्यांना, मुलांना आणि ज्यांना नाव नाही त्यांना, एकेक संत्रं. माझ्यापाशी आलीस की काही पुकारू नकोस, थांबू नकोस. एक संत्रं दे आणि पुढच्याकडे जा.